ही खोली कुणाची? : वारोशाच्या समुद्रकाठची हॉटेलं आणि सायप्रसची फाळणी

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सूर्य डोंगरामागून उगवताना आणि समुद्रात बुडताना पाहायची सवय असते. सायप्रस बेटाच्या पूर्व टोकाकडच्या फामागुस्ता शहरात हे सगळं उलटं आहे. सूर्य पाण्यातून वर येतो आणि दुपार कलली की किनाऱ्यालगतच्या उंच इमारतींच्या मागे जातो. मग त्या इमारतींची सावली वाळूवर उतरून हळूहळू पाण्याकडे सरकू लागते. १९७० च्या आसपास इथे हॉटेलं अगदी किनाऱ्याला खेटून, एकमेकांचा खांदा घासत उभी राहिली तेव्हा नगररचनेतला हा दोष उघड दिसत होता. सूर्यस्नानासाठी हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला चार वाजता सावलीत बसावं लागे. आज सावली तीच आहे, ती पाडणाऱ्या इमारती मात्र पन्नास वर्षं रिकाम्या आहेत. दारं-खिडक्या नाहीत, सज्जांचे कठडे लोंबताहेत, आतून झाडं बाहेर आलेली. आणि त्यांच्या पायथ्याशी, भाड्याने मिळणाऱ्या आरामखुर्च्यांवर माणसं निवांत पहुडलेली असतात.

या भागाचं नाव वारोशा. तुर्की लोक त्याला माराश म्हणतात. २०२४ च्या मे महिन्यात मी दोन रात्री वारोशाच्या दक्षिणेला, देरिनिया या गावात राहिलो आणि पुढच्या दोन रात्री उत्तरेला, फामागुस्ताबाहेरच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात. त्या हॉटेलाचं नाव मुद्दाम देत नाही. सायप्रसबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते मुत्सद्देगिरीच्या अंगाने; ठराव, वाटाघाटी, तुर्कस्तान-ग्रीस संबंध वगैरे. मला तिथे राहताना दुसराच प्रश्न पडत राहिला. तो साधा आणि थोडा अडचणीचा आहे. आपण ज्या खोलीचं भाडं भरतो ती खोली कुणाची?

नावापासून सुरुवात करतो, कारण या शहराचा निम्मा इतिहास नावांतच आहे. फामागुस्ताचं ग्रीक नाव अमोखोस्तोस, म्हणजे वाळूत दडलेलं. वारोशा हा शब्द तुर्कीतल्या 'वारोश'वरून आला. अर्थ, तटाबाहेरची वस्ती. आपल्याकडे कोटाबाहेर एखादी पेठ किंवा पुरा वसावा तसाच हा प्रकार. १५७१ च्या ऑगस्टमध्ये दीर्घ वेढ्यानंतर ऑटोमन सैन्याने व्हेनिसच्या ताब्यातलं फामागुस्ता जिंकलं. तटबंदीच्या आत ख्रिश्चनांना राहायला मनाई झाली आणि ते दक्षिणेकडच्या बागायतीत जाऊन राहिले. तटाच्या आत तुर्क, बाहेर ग्रीक ही विभागणी पुढे चारशे वर्षं टिकली. आतल्या सेंट निकोलस कॅथीड्रलला एक मिनार चढवून त्याची लाला मुस्तफा पाशा मशीद झाली. ती आजही तशीच उभी आहे, गॉथिक कमानींसकट. बाहेरची वस्ती संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध होती. विसाव्या शतकात या बागा आणि वाळू यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीला भाव आला.

१९६० ते १९७४ या चौदा वर्षांत वारोशा भूमध्य समुद्रावरच्या नामांकित पर्यटनस्थळांपैकी एक झालं. एलिझाबेथ टेलर, रिचर्ड बर्टन, ब्रिजित बार्दो ही नावं आजही तिथे हटकून सांगितली जातात. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याला अमेरिकी अध्यक्ष जॉन केनेडी यांचं नाव दिलं होतं. चाळीसहून अधिक हॉटेलं आणि सुमारे दहा हजार खाटा, असा तेव्हाचा आकडा दिला जातो. देशातल्या एकूण हॉटेल-खाटांपैकी जवळपास निम्म्या या एका शहरात होत्या. म्हणजे ज्या दिवशी वारोशा बंद झालं, त्या दिवशी सायप्रसचा जवळपास निम्मा पर्यटनधंदा एका कुंपणामागे गेला.

ते का घडलं हे थोडक्यात सांगणं भाग आहे. सायप्रस १९६० मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. ग्रीक भाषक सुमारे ऐंशी टक्के आणि तुर्की भाषक अठरा टक्क्यांच्या आसपास. राज्यघटनेत दोघांची वाटणी आखून दिलेली होती, आणि ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान हे तीन हमीदार. १९६३ च्या डिसेंबरात दंगली पेटल्या, घटना मोडून पडली, तुर्की सायप्रियट आपापल्या कोंडवाड्यांत एकवटले. १९६४ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, ती अजून तिथे आहे. तिचे पहिले सेनापती होते भारताचे जनरल ज्ञानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या आले आणि १९६५ च्या डिसेंबरात सायप्रसमध्येच त्यांचं निधन झालं. लार्नाका शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. ग्रीक उच्चारात त्याचं 'तिमागिया' झाल्यामुळे पाटी वाचून पहिल्यांदा काही उमगत नाही. १९७४ च्या युद्धातही शांतिसेनेचे प्रमुख भारतीयच होते, जनरल प्रेमचंद. निकोसियाचा विमानतळ कुणाच्याच हाती पडू न देता संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली घेतला गेला तो त्यांच्या काळात.

१५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने राष्ट्राध्यक्ष मकारिऑस यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि निकोस साम्प्सन यांना सत्तेवर बसवण्यात आलं. हेतू, सायप्रस ग्रीसला जोडण्याचा. पाच दिवसांनी, हमीदार म्हणून आपला हक्क सांगत, तुर्कस्तानने सैन्य उतरवलं. युद्धविराम झाला, वाटाघाटी फिसकटल्या आणि १४ ऑगस्टला दुसरी चढाई सुरू झाली. दोन दिवसांत बेटाचा सुमारे ३७ टक्के भाग तुर्की सैन्याच्या हाती आला.

त्या दोन दिवसांत फामागुस्तामध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. बहुतेक वर्णनांत त्यांपैकी एकच सांगितली जाते. कुठली, ते सांगणारा कुंपणाच्या कुठल्या बाजूचा यावर अवलंबून. तटाबाहेर वारोशावर तुर्की विमानं बॉम्ब टाकत होती आणि ग्रीक सायप्रियट मिळेल त्या वाहनाने दक्षिणेकडे निघाले होते. दोन-चार दिवसांत परत येऊ अशा समजुतीने. कित्येकांनी पहिल्या रात्री ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत आख्नाच्या रानात झाडांखाली काढल्या. त्याच वेळी तटाच्या आत हजारो तुर्की सायप्रियट जवळजवळ महिनाभर ग्रीक सायप्रियट सैन्याच्या वेढ्यात होते. तोफगोळ्यांपासून वाचायला तटातल्या जुन्या भुयारांत बसून. त्यांच्या लेखी १५ ऑगस्टला दिसलेले रणगाडे हे सुटकेचे रणगाडे होते. आणि तिथून वीसेक किलोमीटरवर तीन तुर्की सायप्रियट गावांमध्ये, १४ ऑगस्टला, ग्रीक सायप्रियट बंदूकधाऱ्यांनी १२६ माणसं मारली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी होती. या तीनपैकी एका गावाचं ग्रीक नाव 'माराथा'. मराठी डोळ्याला ते नाव नकाशावर टोचतंच. आपल्याशी संबंध काही नाही. ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप.

युद्ध संपलं तेव्हा दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेत निर्वासित होते, आणि पुढच्या वर्षभरात चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रियट दक्षिणेतली घरं सोडून उत्तरेत गेले. बेपत्ता माणसांची अधिकृत यादी २,००२ जणांची आहे. १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ अजूनही एकत्र खोदकाम करून हाडं ओळखतात आणि घरच्यांच्या स्वाधीन करतात. या बेटावर दोन्ही बाजूंनी मिळून नेटाने चालवलेलं हे मोजक्या कामांपैकी एक.

उत्तरेत इतरत्र रिकामी झालेली घरं, शेतं, दुकानं वाटून टाकली गेली. दक्षिणेतून आलेल्या तुर्की सायप्रियटांना, काही तुर्कस्तानातून आणलेल्या वसाहतकारांना. वारोशाचा मोठा भाग मात्र वाटला गेला नाही. सैन्याने त्याला कुंपण घातलं, 'प्रवेश मना, छायाचित्र मना' अशा पाट्या लावल्या आणि आत फक्त गस्त ठेवली. याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं की वाटाघाटीच्या टेबलावर टाकायला हे पान राखून ठेवलं गेलं. ते पान टाकायची वेळ खरोखर आलीही होती. १९७९ च्या मे महिन्यात दोन्ही नेत्यांमध्ये झालेल्या करारात वारोशाच्या पुनर्वसनाला प्राधान्य द्यायचं ठरलं. पुढे काही झालं नाही. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं, त्याला तुर्कस्तानखेरीज आजवर कुणी मान्यता दिलेली नाही. ११ मे १९८४ रोजी सुरक्षा परिषदेने ५५० क्रमांकाचा ठराव केला : वारोशात मूळ रहिवाशांखेरीज इतरांना वसवणं अमान्य आहे आणि हा भाग संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे द्यावा. २००४ च्या अन्नान योजनेत वारोशा सुरुवातीच्या टप्प्यातच परत मिळणार होतं. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघात गेला आणि वारोशा होतं तिथेच राहिलं. ग्रीक सायप्रियटांच्या नकारामागे कारणं होती, त्यांतली काही मला पटतात. पण वारोशाच्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर घराची किल्ली इतक्या जवळ पुन्हा आलेली नाही.

वारोशाबद्दलच्या लेखांत आणि माहितीपटांत 'काळ थांबलेलं शहर' हा शब्दप्रयोग इतका वापरला जातो की तो आता नकोसा वाटतो. त्याचं मूळ सापडतं. १९७७ मध्ये यान-उलॉफ बेंग्टसन नावाच्या स्वीडिश पत्रकाराने आतलं वर्णन लिहिलं : न्याहारीची मांडलेली टेबलं, दोरीवरचे कपडे, जळते दिवे. तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्यानंतर आतलं जे उचलून नेण्यासारखं होतं ते नेलं गेलं. फर्निचर, नळ, खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या तारा. लुटीला लष्कराची डोळेझाक होती की हात होता यावर दोन्ही बाजूंची मतं वेगळी, पण लूट झाली हे नाकारणारं कुणी भेटलं नाही. आणि जे उचलता येत नव्हतं त्यावर समुद्राने काम केलं.

हे काम मुंबईकराला समजावून सांगायला नको. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतं आणि लोखंडी सळईपर्यंत पोचतं. सळईभोवती काँक्रीटच्या अल्कलीमुळे एक संरक्षक थर असतो, क्षार तो तोडतात. मग गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि उघड्या पडलेल्या सळया आणखी वेगाने गंजतात. वस्तीच्या इमारतीत गळती बुजवली जाते, गिलावा होतो, सोसायटीच्या सभेत भांडणं होऊन का होईना पण पैसे जमतात. वारोशात पन्नास वर्षं हे काहीच झालं नाही. केनेडी रस्त्यावरच्या हॉटेलांच्या सज्जांखालून आज सळयांच्या जाळ्या जीर्ण गोधडीतल्या दोऱ्यांसारख्या लोंबताना दिसतात. यांतल्या बऱ्याच इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या आहेत हे सांगायला अभियंता लागत नाही. राखून ठेवलेलं पान कुजत गेलं. उद्या ते परत दिलं तरी हातात येईल ती जमीन आणि राडारोडा उचलण्याचा खर्च.

आता खोलीच्या प्रश्नाकडे येतो.

लार्नाकाहून मला देरिनियाला सोडणारा टॅक्सीवाला पन्नाशीचा होता. त्याची आई वारोशाची. मी पुढे उत्तरेत जाऊन राहणार म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "जा. पाहायला जरूर जा," तो म्हणाला. "पण रात्री झोपणार कुठे? कुणाच्या जमिनीवर?" आवाजात राग नव्हता. पत्ता विचारावा तसं त्याने विचारलं.

त्याच्या प्रश्नाला दक्षिणेच्या कायद्यात स्पष्ट उत्तर आहे. सायप्रस प्रजासत्ताकाच्या दृष्टीने १९७४ पूर्वीची मालकी तशीच्या तशी कायम आहे. मालकाच्या संमतीविना त्या मालमत्तेचा व्यवहार करणं हा गुन्हा आहे. २००६ च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गेल्या काही वर्षांत उत्तरेतल्या बांधकाम व्यावसायिकांना व दलालांना दक्षिणेत अटकही झाली आहे. पाहुण्याला एका रात्रीच्या मुक्कामासाठी कुणी तुरुंगात टाकत नाही. पण ग्रीक सायप्रियटांच्या मालकीच्या हॉटेलांत राहू नका, अशी अधिकृत विनंती प्रवाशांना केलेली असते.

देरिनियाचं फाटक २०१८ च्या नोव्हेंबरात उघडलं. पलीकडे पायी जाता येतं. दोन्हीकडे पासपोर्ट पाहतात, मधली पट्टी संयुक्त राष्ट्रांची. पलीकडे गेल्यावर चलन लिरा होतं आणि पाट्या तुर्की होतात. गाड्या मात्र दोन्हीकडे आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात आणि भिंतीतले प्लग त्याच तीन पिनांचे, साहेबाने ठेवून गेलेले. माझं हॉटेल शहराच्या उत्तरेला, सालामिसच्या प्राचीन अवशेषांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाली कॅसिनो. उत्तर सायप्रसमध्ये कॅसिनो इतके का, याचं कारण तुर्कस्तानात आहे : तिथे १९९८ मध्ये कॅसिनोंवर बंदी आली आणि धंदा समुद्र ओलांडून इकडे आला. स्थानिक नागरिकांना मात्र तिथे खेळायची परवानगी नाही. हॉटेलच्या बिलावरच्या पत्त्यात शेवटी लिहिलं होतं 'मर्सिन १०, तुर्की'. मर्सिन हे समोरच्या किनाऱ्यावरचं तुर्की बंदर. उत्तर सायप्रसला जग ओळखत नसल्याने टपाल तिथल्या पत्त्यावर थेट जातच नाही. कागदोपत्री सगळं राज्य मर्सिनचा दहावा टपाल विभाग आहे.

स्वागतकक्षातल्या तरुणाला मी जमिनीबद्दल विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, "इमारत कंपनीची. जमीन सरकारकडून भाडेपट्ट्यावर." मग स्वतःहून पुढे : "तुम्ही दक्षिणेतून आलात ना? माझे आजोबा लिमासोलचे. त्यांचं घर अजून तिथे आहे. त्यात कोण राहतं ते आम्हाला कुणी विचारत नाही."

त्याची तक्रार खोटी नाही. तुर्की सायप्रियटांनी दक्षिणेत सोडलेल्या मालमत्ता तिथल्या गृहमंत्र्यांच्या पालकत्वाखाली आहेत. १९९१ चा तसा कायदा आहे. मालकी मूळ मालकाची, पण सायप्रसचा तिढा सुटेपर्यंत ताबा मंत्र्यांकडे. त्यांतल्या बऱ्याच घरांत ग्रीक सायप्रियट निर्वासितांना ठेवलं गेलं. हे वाचताना मला आपला १९५० चा निर्वासित मालमत्तेचा आणि १९६८ चा शत्रू मालमत्तेचा कायदा आठवला. माणूस सीमेपलीकडे जातो, घर मागे राहतं आणि मधे एक 'कस्टोडियन' येऊन बसतो. ब्रिटिश गेलेल्या मुलखांत ही व्यवस्था अनेक ठिकाणी सापडते, आणि तात्पुरती म्हणून सुरू झालेली ती फारशी कुठे संपत नाही.

उत्तरेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने मिटवायचा प्रयत्न केला. दक्षिणेतली मालमत्ता सोडून आलेल्याने तिच्यावरचा हक्क राज्याच्या नावे करायचा आणि बदल्यात उत्तरेतली तेवढ्या किमतीची मालमत्ता घ्यायची. या बदली कागदाला 'एशदेअर' म्हणतात, अर्थ 'समान मूल्य'. याशिवाय सरकारी वाटपाचे कागद वेगळे. आणि तिसरे, १९७४ पूर्वीपासून तुर्की सायप्रियटांच्या नावावर असलेले. गंमत अशी की फामागुस्तातल्या जागाविक्रीच्या जाहिरातींत हा प्रकार ठळकपणे लिहिलेला असतो आणि '१९७४ पूर्वीची तुर्की मालकी' असलेली जागा अशाच दुसऱ्या जागेपेक्षा महाग असते. व्यासपीठावरून नेते म्हणतात की सगळ्या मालक्या सारख्याच भक्कम आहेत. बाजाराला तसं वाटत नाही. दोन राज्यांच्या कायदेपंडितांच्या वादापेक्षा किमतीतला हा फरक मला जास्त बोलका वाटला.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही बोलून झालं आहे. कायरेनियाजवळच्या जमिनीसाठी टिटिना लोइझिदू यांनी तुर्कस्तानवर भरलेल्या खटल्यात १९९६ मध्ये निकाल लागला की त्या आजही मालक आहेत. भरपाई हातात पडायला २००३ उजाडलं. खास वारोशाबद्दलचा निकाल मायरा क्सेनिडिस-अरेस्तिस यांचा. २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय झाला आणि पुढच्या वर्षी, मालमत्ता वापरता न आल्याबद्दल, ८ लाख युरो भरपाई ठरली. वसुली वर्षानुवर्षं रखडली. या निकालांच्या दबावाखाली उत्तरेत एक मालमत्ता आयोग स्थापन झाला. मूळ मालकाने तिथे अर्ज करून भरपाई, अदलाबदल किंवा ताबा मागावा. २०१० मध्ये न्यायालयाने हा आयोग पुरेसा उपाय आहे असं मानलं. तेव्हापासून ग्रीक सायप्रियटांच्या घराघरांत वाद आहे : अर्ज करावा, की अर्ज करणं म्हणजेच त्या राजवटीला मान देणं?

वारोशापुरता आणखी एक दावेदार आहे, तो म्हणजे वक्फ. तुर्की सायप्रियटांची वक्फ संस्था म्हणते की वारोशाची बहुतेक जमीन ऑटोमन काळापासून धर्मादाय आहे, ती विकता येतच नाही, आणि ब्रिटिश अमलात ती खासगी नावांवर चढली हेच बेकायदा. उत्तरेतल्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकालही दिला आहे. ग्रीक बाजूचं उत्तर असं की १९६० मध्ये ब्रिटनने तुर्की सायप्रियट समाजाला १५ लाख पौंड दिले त्यातच जुने दावे मिटले. माझं मत विचाराल तर, शंभर वर्षं महसूल खात्याने मान्य केलेली नोंद मागे जाऊन पुसायची ठरवली तर या बेटावर कुणाचीच मालकी टिकायची नाही, तुर्कांचीही. पण दावा हास्यास्पद म्हणून झटकण्यासारखा नाही. या मुलखात मालकीचे थर सालामिसच्या मातीसारखे एकावर एक आहेत.

मी त्या हॉटेलात दोन रात्री राहिलो आणि पूर्ण भाडं दिलं. टॅक्सीवाल्याच्या आईचा विचार केला तर ते भाडं दुसऱ्याच कुणाला जायला हवं होतं. स्वागतकक्षातल्या मुलाचा विचार केला तर त्याचा पगार त्यातूनच निघतो, आणि तो जन्मला तेव्हा युद्ध संपून पंचवीस वर्षं झाली होती. केवळ दक्षिणेत राहून दुर्बिणीतून वारोशा पाहणंही शक्य आहे. देरिनियात त्यासाठी गच्च्या आहेत आणि निर्वासित नगरपालिकेचं सांस्कृतिक केंद्र आहे. ही नगरपालिका पन्नास वर्षं स्वतःच्या शहराबाहेरून निवडणुका घेते, महापौर निवडते. तिथून वारोशा सुंदर आणि दुःखी दिसतं. तिथून तो मुलगा दिसत नाही. मला दोघांशीही बोलायचं होतं, आणि ती किंमत मोजणं मला रास्त वाटलं. दुसऱ्याला वाटलं नाही तर मी वाद घालणार नाही.

८ ऑक्टोबर २०२० रोजी, उत्तरेत अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, वारोशाचा काही भाग लोकांसाठी उघडला गेला. त्यानंतर महिन्याभराने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन येऊन गेले. २०२१ च्या जुलैत आणखी साडेतीन टक्के भागाचा लष्करी दर्जा काढण्याची घोषणा झाली, सुरक्षा परिषदेने निषेध केला. आता मोडक्या इमारतींमधून नवे गुळगुळीत डांबरी रस्ते जातात. फाटकाशी सायकली भाड्याने मिळतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोर बांधलेले, पलीकडे पाऊल टाकायचं नाही, इमारती कोसळण्याचा धोका आहे. किनाऱ्याचा एक तुकडा पोहण्यासाठी मोकळा, तिथे छत्र्या आणि चहाची टपरी. तुर्कस्तानातून आलेली कुटुंबं सायकलींवरून फोटो काढत हिंडतात. फोटो आता चालतात.

दुपारी तीनच्या सुमारास केनेडी रस्त्यावर एक म्हातारं जोडपं आणि त्यांच्याबरोबर तिशीतली मुलगी दोराच्या अलीकडे उभी होती. म्हाताऱ्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक जुना कागद होता. मुलगीच इंग्रजी बोलत होती. समोरच्या सहा मजली इमारतीतला एक गाळा आणि वरची एक सदनिका आजोबांची, ती म्हणाली. हॉटेलाला चादरी आणि टॉवेल पुरवायचा धंदा होता. कागद मालकीहक्काचा, ब्रिटिश धाटणीचा, शिक्क्यासकट. त्याला ते 'कोचानी' म्हणत होते. आदल्या दिवशी स्वागतकक्षातला मुलगा आजोबांच्या लिमासोलच्या कागदाला 'कोचान' म्हणाला होता. शब्द तुर्की आहे. बेटावरचे ग्रीक आणि तुर्क दोघेही आपल्या सातबाऱ्याला आजही त्याच एका शब्दाने ओळखतात.

मी विचारलं, आता नाव कुणाचं आहे यावर. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आजोबा गेले, मग पाच भावंडं. त्यांतले दोघे गेले, एकाची मुलं मेलबर्नला, एकीची लंडनमध्ये. तिच्या वडिलांच्या वाट्याला पाचवा हिस्सा, आणि उद्या तिला व तिच्या भावाला त्यातला निम्मा निम्मा. म्हणजे एका सदनिकेचा दहावा भाग. तिने वर पाहिलं आणि हिशेब करून म्हणाली, "बहुतेक तो उजवीकडचा सज्जा." त्या सज्जाचा पुढचा भाग कधीच खाली पडला होता. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून म्हाताऱ्याला दिली, आणि रस्त्यापलीकडे अजून ऊन होतं म्हणून ते तिघे इमारतीच्या सावलीत सरकून उभे राहिले.